पळणीतला सिनेमा

“ती कोणाची गाय गेली रे?” जानकाकीनं खाटेवरून विचारलं.

मी खिडकीशी उभा होतो. “मला काय ठावं, काकी. तांबडी हाय.”

“कपाळार पांढरो ठिपको?”

“व्हय.”

“मगे ती तातूची. तातू सगळ्यांच्या मागसून जाता. म्हणजे गाव गेलो.” आणि तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

खरंच पुढं कुणी आलं नाही. सकाळपासून त्या खिडकीखालून माणसं चालली होती. डोक्यावर भांडी, काखेत पोरं, हाऱ्यात कोंबड्या, दोरीला बांधलेली कुत्री. कुसवडे गावात दर चार वर्षांनी हे होतं. भातं झोडून झाली की देवाला कौल लावायचा, आणि देवानं सांगितलं की ढोल वाजवून अख्ख्या गावानं तीन दिवस वेशीबाहेर राहायला जायचं. व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, पलीकडच्या माळावर झावळ्यांच्या खोपी घालायच्या, तिथंच रांधायचं, तिथंच झोपायचं. मागं माणूस ठेवायचं नाही, जनावर ठेवायचं नाही, देव्हाऱ्यात दिवासुद्धा ठेवायचा नाही. ह्याला ते गावपळण म्हणतात. नुसतं पळण.

मी त्या गावचा नव्हतो. मी सोलापूरकडचा. तंबूतल्या सिनेमावर मशीन चालवायचो, तो तंबू बंद पडल्यावर नाबर सर मला कोकणात घेऊन आले. पुरुषोत्तम नाबर मूळचे कुसवड्याचे, शहरातल्या कॉलेजात शिकवायचे आणि शनिवारी फिल्म क्लब चालवायचे. क्लबाचं मशीन मी बघायचो आणि क्लबाच्याच सामानाच्या खोलीत राहायचो. वय छत्तीस. घरचं कुणी उरलेलं नव्हतं. वाचता येत नव्हतं, म्हणून रिळांच्या डब्यांवर खिळ्यानं खुणा केलेल्या होत्या.

जानकाकी ही सरांची आई. त्या साली तिच्या काळजानं दम सोडला होता. डॉक्टर म्हणाले होते, खाटेवरून हलवायचं नाही, आणि सरांनी ठरवलं, आई पळणीला जाणार नाही. तिच्याजवळ राहायला त्यांनी मलाही गावी आणलं.

गावानं त्यावर भांडण केलं नाही हे सांगायला हवं. गावचा मानकरी तातू घाडी स्वतः येऊन म्हणाला होता, “पुरुषोत्तमा, तुझ्या आयेसाठी वेगळो कौल लावलंव. देवान उजवो दिल्यान. म्हातारेन रवाक हरकत नाय. तू रव, तुझो माणूस रवांदे.”

सर त्याला बरं म्हणाले. तो गेल्यावर मला म्हणाले, “आज हो म्हणतात. उद्या एखाद्याच्या घरात ताप आला की देव कोपला म्हणत दहा जण खाट उचलायला येतील. तू दारातून हलायचं नाहीस, सिद्राम.”

जायचं आहे की नाही, हे फक्त एका माणसाला विचारायचं राहिलं होतं. ती भिंतीकडं तोंड करून पडली होती.

त्या संध्याकाळी सर पडवीत वाचत बसले. मी तिला पेज भरवत होतो. रिकाम्या गावात आवाज कसे येतात ते मला तेव्हा कळलं. कुठंतरी नारळ पडला तर वाटायचं आपल्याच अंगणात पडला. कोंबडं नाही, पोराचं रडणं नाही, रहाटाची कुरकुर नाही. व्हाळापलीकडून मात्र ढोल ऐकू यायचा आणि मध्येच पुष्कळ माणसांचं हसणं.

“हसतत बघ,” काकी म्हणाली. “तातूची बायल काय तरी बोलली आसतली. तिच्या तोंडाक कुलूप नाय.”

“पेज घ्या, काकी.”

“माका नको. तू तो डबो कसलो आणलंस? सिनेमा?”

“उद्या माळावर दाखवायचा हाय. तातूनानांनीच सरास्नी सांगितलं, पोरांना कायतरी दाखवा म्हनून.”

“मारुतीचो?”

“न्हाई. इंग्रजी.”

“अगो बाय,” ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिचे डोळे जरा हसले. “तातूक इंग्रजी. सांग माका. काय होता तेच्यात?”

सरांनी तोच सिनेमा मुद्दाम निवडला होता. विलायतेतला जुना सिनेमा, आला तेव्हा म्हणे कुणी बघितला नव्हता, आणि नंतर लोकांना त्याचं वेड लागलं ते गेलं नाही. मुंबईतला कुठलासा क्लब मोडला तेव्हा सरांनी त्याची चार रिळं आणली. आमच्याकडं दर वर्षी दोन-तीनदा तो लागायचा, आणि दर वेळी कॉलेजची पोरं दाटीवाटीनं बसायची. भुताचा सिनेमा, पण भूत कुठंच नाही. इंग्रजी मला येत नव्हतं, पण बत्तीस वेळा मशीनमागं उभा राहिलो होतो. मी काकीला सांगू लागलो.

“दर्याकाठी एक गाव असतंय. खाजण हाय, भरतीचं पानी शिरतंय तसलं, पलीकडं सफरचंदाच्या बागा. तिथं एक मोजनीदार येतो, सरकारचा. गोरापान, गुमान. गावात त्येचं कुनी न्हाई. हा खुंट मार, तो खुंट मार, असं करत फिरतोय. गावची मान्सं लई गोड. भेटंल तो हसतोय, भेटंल तो गातोय.”

“आणि?”

“एक दिस झाडाखाली लांबलचक मेज मांडत्यात. अख्खं गाव जेवाया. ह्येलाबी बसवत्यात मधोमध. डोक्यावर पानाफुलांचा मुकुट घालत्यात. मग वाजत गाजत न्हेत्यात खाजणात आनि त्येनंच मारलेल्या खुंटाला बांधत्यात. दोन साल पीक आलं नसतंय, म्हनून. मग भरती येते. समदं गाव काठावर हातात हात घालून हुबं. गात्यात. पानी गळ्याला येतंय तरी गात्यात.”

“सगळो गाव?”

“समदा.”

“बायलमाणसा पण? म्हातारी?”

“पोरंबी.”

तिनं पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मला वाटलं घाबरली, आणि मला माझाच राग आला.

मग ती म्हणाली, “तेका बरी सोबत गावली.”

“अवो काकी, मारला त्येला.”

“मारल्यानी, ता खरा. पण सगळे इले मां? आता माका सांग, हय माझो दम गेलो तर कोण येतलो? एक माझो झिल, एक तू. बाजूच्या घरात रडाक बायलमाणूस नाय, देवाकडे दिवो नाय.” तिनं पडवीकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. “तेका सांगू नको. तो माझ्यासाठीच करता. पण माका भिया दिसता रे, सिद्रामा. मराक नाय. हय मराक.”

मी पेजेचं भांडं उचललं आणि मागच्या दारी जाऊन घासत बसलो.

दुसऱ्या दिवशी मी एकट्यानं सिनेमा घेऊन गेलो. सर आईपाशी थांबले. जाताना म्हणाले, “इंग्रजीची अडचण आहे, तेव्हा तू सांगत जा. नीट सांग. शेवटी काय होतं ते त्यांना कळलं पाहिजे. आपण काय करतो ते माणसाला बाहेरून दिसावं लागतं.”

माळावर दोन बांबूंमध्ये धोतर ताणलेलं होतं. जनरेटर लावला, दिवेलागणीला पहिलं रीळ सुरू केलं. मी मशीनजवळ उभा राहून सांगत होतो.

“ह्यो मोजनीदार आला.”

“कसलो?” मागून कुणीतरी विचारलं.

“जमीन मोजनारा. सरकारचा.”

“बुडवा तेका,” तातूची बायको म्हणाली. अजून कुणी बुडवायचं नावही काढलं नव्हतं. अख्खा माळ हसला.

“गे, गप बस,” तातू म्हणाला. “बिचारो नवीन आसा. चाय तरी घेवंदे.”

“चाय घेवन तुझ्या काजीच्या बागेतसून खुंट मारूक येतलो, तेवा सांग.”

असं चाललं होतं. कॉलेजात पोरं त्या मोजणीदाराच्या बाजूनं बसायची. तो चुकीच्या वाटेला वळला की श्वास धरायची, माघारी जा म्हणायची. इथं सगळे त्या गावाच्या बाजूनं. भात गेलं की काय होतं ते त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. एक म्हातारा म्हणाला, “दोन वर्सां पीक नाय म्हणजे काय खातत ते?” दुसरा म्हणाला, “म्हावरा आसतला. दर्या आसा मां.” घाबरलं कुणीच नाही. शेवटी पाणी चढायला लागलं तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. गाणं संपलं, धोतर पांढरं झालं, आणि तातूची बायको हळू म्हणाली, “असा करूक नको होता. जेवक बसवल्यावर नाय.”

“तां बरोबर,” तातू म्हणाला. “पानार बसयलो तो आपलो.”

मी मशीन थंड करत होतो. तातू माझ्याकडं आला. “चल रे सोलापूरकरा. पान मांडला.”

“मी घरी जाऊन खातो, नाना.”

“घरात कोणी रांधून ठेवलेला तुझ्यासाठी? चल.”

माळावर केळीच्या पानांच्या दोन लांब ओळी होत्या. मला त्यांनी मधोमध बसवलं. एका बाजूला तातू, दुसऱ्या बाजूला दाढीतून भात खाणारा एक म्हातारा. भात, कुळथाची पिठी, सुक्या बांगड्याचा तुकडा. कुणी माझी जात विचारली नाही, कुणी पगार विचारला नाही. म्हाताऱ्यानं एवढंच विचारलं, “तिखाट चलता मां तुका?”

आता सांगतो. त्या सिनेमाची मला कधीच भीती वाटली नव्हती. पोरं शेवटच्या रिळासाठी यायची, मी तिसऱ्यासाठी थांबायचो. झाडाखालचं ते मेज, ती सगळी माणसं एकमेकांना सरकून जागा देतात, आणि त्या परक्याला बसायला सांगतात. तेवढं बघायला मी बत्तीस वेळा उभा राहिलो. पुढं काय होणार ते मला ठाऊक होतं, तरी वाटायचं, आपल्याला कुणी बोलावलं तर आपण बसू. सर सांगायचे की अंधश्रद्धा कुठवर जाते ते बघून लोक हादरतात, म्हणून हा सिनेमा टिकला. असेल. पण त्या अंधारात माझ्यासारखे आणखी किती जण त्या मेजाकडं बघत बसत असतील, हे त्यांनी कुणाला विचारलं नसावं.

घास उचलला आणि दिसलं की तातूच्या पलीकडचं एक पान वाढलेलं आहे आणि तिथं कुणी बसलेलं नाही.

“ते कुनाचं?” मी विचारलं.

“जानकाकीचा,” तातू म्हणाला. “कोण मागे रवला तर तेचा पान मांडूक व्हया. जेवणा झाली की गायीक घालतंव. काल पण मांडलेला.”

“काकीला ठावं हाय?”

“तिका कसा ठावक नसतला? ह्या गावात साठ वर्सां पळणीक इली ती.”

मी हातातला घास पानावर ठेवला. म्हाताऱ्यानं पिठी वाढायला सांगितली.

घरी आलो तर सर दारातच उभे होते. “काय झालं? घाबरले का?”

“न्हाई, सर.”

“म्हणजे कळलं नाही त्यांना.”

“कळलं. समदं कळलं त्यास्नी.”

सर पुढं काही विचारणार होते, पण आतून काकीच्या श्वासाचा आवाज आला. तो बदललेला होता. भात्याचं फाटकं कातडं वाजावं तसा. आम्ही दोघं तिच्यापाशी बसून राहिलो.

उजाडल्यावर सरांनी मोटरसायकल काढली. “मी डॉक्टरांना घेऊनच येतो. दोन तास लागतील. तिला उठू देऊ नकोस. पाणी मागितलं तर चमच्यानं दे.” ते आईजवळ वाकले. “आये, मी इलंयच.”

तिनं मान हलवली.

मोटरसायकलचा आवाज वळणापलीकडं गेला आणि ती म्हणाली, “सिद्रामा.”

“काय, काकी?”

“माका माळार व्हर.”

एवढंच. विनवणी नाही, रडणं नाही. मी म्हटलं, “डॉक्टर येतायत. औषध देतील. बरं वाटंल.” ती माझ्याकडं बघत राहिली. तिला खोटं कळत होतं आणि मलाही कळत होतं. पण ते सगळं खोटंही नव्हतं. डॉक्टर खरंच येणार होते. सुई दिली असती, कदाचित महिनाभर गेला असता, कदाचित वर्ष. व्हाळ ओलांडायचा म्हणजे ते सगळं टाकून जायचं होतं, आणि टाकणारा मी कोण? तिच्या मुलानं मला दारात ठेवलं होतं ते कुणी तिला नेऊ नये म्हणून.

मी अंगणात गेलो. परत आलो. पुन्हा अंगणात गेलो. पलीकडून ढोल सुरू झाला.

“तातूक सांगूक लागात,” ती आतून म्हणाली, “की माझो भात जास्त नको.”

मी तिचंच जुनं लुगडं घेतलं, तिला पाठीशी बांधली आणि उठलो. मशीनची पेटी तिच्यापेक्षा जड होती. तिची हनुवटी माझ्या खांद्यावर आली. वाटेतली सगळी घरं बंद, एकाही दाराला कुलूप नाही. प्रत्येक घरापाशी ती त्या घरच्या माणसाचं नाव घ्यायची. पुढं नावं बंद झाली आणि ती काहीतरी गुणगुणायला लागली. व्हाळात पाणी घोट्याएवढंच होतं. मी एकेक दगड चाचपून पाय ठेवला. उशीर झाला त्यातच झाला, असं नंतर कितीदा वाटलं, आणि कितीदा वाटलं की घाई केली.

माळावरच्यांनी आम्हाला लांबून बघितलं. ढोल थांबला. पहिली धावली ती तातूची बायको. “जानकाकी इली,” असं ती म्हणाली, जसं कुणी माहेराहून यावं. खोपीतून घोंगडी आली, कुणी तिचे पाय चोळले, कुणी निखारे आणले. तिला उन्हात टेकवून बसवली. तातूनं तिच्यापुढं पान मांडलं. तिनं चार शितं तोंडात घातली.

“पिठयेक मीठ कमी,” ती म्हणाली.

“आता गावली काय खोड काढूक?” तातूची बायको म्हणाली, आणि काकी हसली.

घटकाभर गेली असेल. ती तातूच्या बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती, भोवती वीसेक बायका, त्यांच्यामागं पुरुष, पोरं. कधी गेली ते जवळच्यांनाही लगेच कळलं नाही.

सर डॉक्टरांना घेऊन घरी गेले, रिकामी खाट बघून तसेच माळावर आले. व्हाळातून बुटांसकट आले. गर्दीनं वाट दिली. ते आईजवळ बसले, डॉक्टरांनी नाडी बघितली आणि हात सोडला. सरांनी डॉक्टरांना विचारलं, “वाचली असती?”

“सांगता येत नाही,” डॉक्टर म्हणाले.

मग सरांनी मला शोधलं. ओरडले नाहीत. “दोन तास होते, सिद्राम,” ते म्हणाले. “फक्त दोन तास.”

तातू मध्ये पडून काही बोलणार होता, सरांनी हात वर करून त्याला थांबवलं.

मी क्लबाच्या खोलीची किल्ली तिसऱ्या दिवशी कॉलेजच्या शिपायाकडं दिली. कॉलेजच्याच शहरात एका सॉ मिलवर लागलो. रात्रशाळेत नाव घातलं, चाळिशीत अक्षरं शिकलो. कुसवड्याला दोन पळणी झाल्या, दोन्ही वेळा तातूनं निरोप धाडला. मी गेलो नाही. तिथं बसायला मला तोंड नव्हतं.

आठ वर्षांनी कॉलेजच्या भिंतीवर कागद लागला होता, मी थांबून तो वाचला. तोच सिनेमा. मी तिकीट काढून मागं बसलो. सभागृह खचाखच भरलेलं. शिकून बाहेर पडलेली, नोकऱ्यांना लागलेली मुलंसुद्धा परत आली होती. माझ्या शेजारची मुलगी मैत्रिणीला सांगत होती की ती सहाव्यांदा बघतेय. “कशाला?” मैत्रीण म्हणाली. “काय माहीत. परत जावंसं वाटतं तिथं.”

पूर्वी सर सुरुवातीला दहा मिनिटं बोलायचे. त्या दिवशी ते नुसते उभे राहिले, “सुरू करा,” म्हणाले आणि बसले. केस सगळे पांढरे. तिसरं रीळ आलं, मेज मांडलं, माणसं बसली. चौथं सुरू व्हायच्या आत सर उठून बाहेर गेले. थोड्या वेळानं मीही गेलो.

ते पायऱ्यांवर बसले होते. मला बघून दचकले नाहीत. मी दोन पायऱ्या खाली बसलो. आतून गाण्याचा आवाज येत होता.

“हे रीळ मी बघत नाही आता,” ते म्हणाले.

मी पायरीवरची माती बोटानं झाडली.

“काही म्हणाली का ती? तुझ्या पाठीवर होती तेव्हा?”

मला एखादी चांगली गोष्ट रचून सांगता आली असती. तुमचं नाव घेतलं म्हणून सांगितलं असतं तर त्यांना पुरलं असतं.

“घरांची नावं घेतली, सर. मंग गानं म्हनत हुती.”

“कुठलं?”

“मला न्हाई ठावं. मालवणी हुतं. हळू म्हनत हुती.”

त्यांनी मान हलवली. चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, हातातच ठेवला.

“भ्यायली नव्हती?”

“व्हाळाच्या अलीकडं भ्याली हुती. पलीकडं न्हाई.”

“माणसं खूप होती ना.”

“लई हुती, सर. जागा पुरत नव्हती.”

सरांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, “माझ्याकडं कुणी नसतं रे आता.”

आत सिनेमा संपला, दिवे लागले, मुलं घोळक्यानं बाहेर पडू लागली. त्यांना वाट व्हावी म्हणून मी उठून सरांच्या पायरीवर गेलो. आम्ही दोघं कठड्याला चिकटून एका बाजूला सरकलो, आणि सगळी निघून गेली तरी तसेच बसून राहिलो.